अर्ध्यावर मिटलेली पोथी

खिळा

धनुर्वाताचं नाव काढलं की लोक विचारतात, 'अजून होतो का तो?' होतो. मला झाला. कोकण रेल्वे सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती, घरोघरी टीव्हीवर परदेशी चॅनेल दिसायला लागले होते, आणि रत्नागिरीच्या कोर्टात कारकुनी करणारा, घरात दोन कपाटं पुस्तकं बाळगणारा पंचेचाळीस वर्षांचा मी एका गंजक्या खिळ्याने मरायला टेकलो. कुणाच्या घरात माणूस असं पडलं असेल तर त्याच्या माणसांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो आहे. औषधांचं डॉक्टरांना विचारा. मी बाकीचं सांगतो.

खिळा सप्ताहाच्या मांडवातला. माझे थोरले भाऊ अण्णा आमच्या आळीच्या पारायण मंडळाचे अध्यक्ष. सात दिवस पोथीचं पारायण, चारी दिशांना चार कर्णे, आणि स्वागताच्या कमानीवर हात जोडलेले अण्णा. त्या कमानीवर देवही होता, पण जरा कोपऱ्यात. माझी बायको सुमन सातही दिवस गेली. मी शेवटच्या दिवशी गेलो, महाप्रसादाच्या वेळेला. चपला बाहेर काढल्या, चार पावलं आत टाकली आणि फळ्या ठोकताना पडलेला खिळा टाचेत शिरला.

अण्णांनी भर मांडवात माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, खिळा उपसला आणि होमकुंडातला अंगारा जखमेत बोटाने दाबून भरला. एकदोघांनी हात जोडले. गोवरीची राख आणि तिच्याबरोबर आलेली पायदळीची माती जखमेत जाते आहे हे मला स्वच्छ कळत होतं. इंजेक्शनचा दवाखाना तिथून दहा मिनिटांवर. पण एवढ्या लोकांदेखत थोरल्या भावाचा हात झटकायचा कसा? मी हसून घेतलं. घरी येऊन पाय धुतला, दोन दिवस लंगडलो आणि विसरून गेलो. अण्णांनी केलं ते श्रद्धेने. मी करू दिलं ते भिडेने. चूक मोठी कुणाची, हे मी अजून ठरवलेलं नाही.

दाढ

नवव्या दिवशी कोर्टात डबा खाताना भाकरीचा तुकडा तोंडात जाईना. जबडा उघडेना. मी दाढेला दोष दिला आणि संध्याकाळी सुमनला घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आ करायला सांगितलं. माझे दात जेमतेम एका बोटाएवढे उघडले. त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला. दातांबद्दल एक अक्षर न बोलता त्यांनी विचारलं, गेल्या पंधरा दिवसांत अंगाला कुठे काही लागलंय का.

मी टाचेकडे बघितलं. तेवढ्यात माझ्या गालांचे स्नायू आखडले आणि ओठ दोन्ही बाजूंना ताणले गेले. त्या आजारात चेहऱ्यावर असं एक हसू बसतं. जन्मभर मी लोकांचे समारंभ, हारतुरे, भाषणं बघून मनातल्या मनात हसत आलो होतो. आता ते हसू तोंडावर आलं आणि उतरेना. रिक्षात सुमन रडत होती आणि मी तिच्याकडे बघून हसत होतो.

रुग्णालयात मला एका कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं. खिडक्यांना काळे पडदे लावले. मोठ्या डॉक्टरांनी सुमनला बाजूला घेतलं, पण मला ऐकू आलं. पुढचे तीन-चार आठवडे यांना मारेल तो आवाज, असं ते म्हणाले. आवाज झाला की झटका येईल. झटका लांबला की श्वास थांबेल. जितके झटके कमी, तितके हे जगण्याच्या जवळ.

खोली

पहिला झटका आला तो व्हरांड्यात कुणाच्या तरी हातून स्टीलचं ताट पडलं तेव्हा. ताट माझ्या पाठीच्या आत पडल्यासारखं झालं. मान मागे ओढली गेली, छाती वर उचलली, आणि डोक्याचा माथा व टाचा एवढंच गादीला टेकलेलं असा मी कमानीसारखा ताणलो गेलो. दात एकमेकांवर इतके घट्ट बसले की एकाचा कोपरा फुटून घशात गेला. जीभ मध्ये सापडली. रक्त उशीवर आलं. पाठीत कुठेतरी वाळकी काटकी मोडल्यासारखं वाजलं, आणि त्या आवाजानेच दुसरा झटका आला. एक मणका चेपला होता, हे नंतर एक्सरेत दिसलं.

या आजाराचा सगळ्यात मोठा दुष्टपणा म्हणजे शुद्ध जात नाही. औषधांची गुंगी असते, पण त्या गुंगीखाली माणूस पूर्ण जागा असतो. आपलंच शरीर आपल्याला पकडून मोडायला बघतंय आणि आपण ते पाहतोय. मला दिवसाला तीस-चाळीस वेळा असं धरून आपटलं गेलं. दार लागलं, आपटलो. कुणी खोकलं, आपटलो. माशी कपाळावर बसली, आपटलो. तिसऱ्या दिवशी गळ्याला भोक पाडून नळी घातली. श्वासाची सोय झाली, आवाज गेला. आता मला ओरडताही येत नव्हतं.

नातेवाइकांनी एक लक्षात ठेवावं. रोगी हसताना दिसला तरी तो हसत नसतो. आणि त्याच्या पायथ्याशी उभं राहून 'आता काही खरं नाही' असं कुजबुजू नये. मी ते तिघांकडून ऐकलं. तिघांची नावं लक्षात आहेत.

माझ्यावर दया कुणी केली असेल तर शहनाज सिस्टरने. ती नाटे बंदरावरची. बाप, भाऊ मासेमारीवर. तिने पहिल्याच दिवशी हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून रुमालात बांधल्या आणि खोलीत अनवाणी वावरायला लागली. औषधांच्या गाडीच्या चाकांना चिंध्या गुंडाळल्या. दाराच्या कडीला बँडेज बांधलं. छताचा पंखा कुरकुरायचा म्हणून वैशाखात तो बंद केला, आणि येता-जाता पुठ्ठ्याने मला वारा घालायची. तिच्याएवढी शांतता मी कुठल्याही गाभाऱ्यात पाहिलेली नाही.

सुमन कोपऱ्यात स्टुलावर बसायची. मांडीवर तिची पोथी, मिटलेली. लग्न होऊन आली तेव्हापासून आंघोळ झाली की पाटावर बसून रोज एक अध्याय, हा तिचा नेम. माझ्या आईने तिला दोन नियम घालून दिले होते. वाचायचं ते मोठ्याने, निदान आपल्या कानाला ऐकू जाईल इतकं. आणि हाती घेतलेला अध्याय अर्ध्यावर सोडायचा नाही. दूध उतू गेलं तरी, पाहुणा दारात आला तरी. पाहुणेही मग उंबऱ्याबाहेर थांबायचे. त्या खोलीत पहिला नियम पाळणं शक्य नव्हतं, म्हणून ती वाचतच नव्हती. शहनाजने तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "बाय, मनात वाच. माझी आय मनातच वाचते. त्याला आयकू जातंय." दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, सुमनची पोथी उघडी होती आणि तिचे ओठ हलत होते.

अण्णा

पाचव्या दिवशी दुपारी शहनाज जेवायला गेली असताना अण्णा आले. अंगावर रेशमी कद, कपाळावर गंध, बरोबर मंडळाचे दोघे. एकाच्या हातात समई आणि घंटा, दुसऱ्याच्या डोक्यावर लाल फडक्यात बांधलेली मांडवातली थोरली पोथी. सुमनने हात जोडून, जवळजवळ नुसत्या ओठांनी, त्यांना डॉक्टरांचं सगळं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, औषधाने हा रोग जात असता तर एवढी माणसं मेली नसती. यातून उठवायचा अध्याय आहे पोथीत. एकच अध्याय वाचतो आणि जातो.

मी त्यांचा चेहरा पाहत होतो. ते घाबरले होते. तो खिळा, तो अंगारा, त्यांना आठवत नसेल असं मला वाटत नाही. त्यांना काहीतरी करायचंच होतं, आणि जे येत होतं ते त्यांनी केलं.

त्यांनी घंटा वाजवली.

मी कमान झालो. तो झटका ओसरायच्या आत त्यांनी खड्या आवाजात पहिली ओवी म्हटली आणि दुसरा आला. दुसरी ओवी, तिसरा. मी तोंडातून फेस आणि रक्त टाकत गादीवर आपटत होतो, खाट भिंतीला धडकत होती, आणि त्या धडकण्याने आणखी झटके येत होते. अण्णांनी मान वर करून मला पाहिलं. त्यांचा आवाज कापायला लागला. पण अध्याय धरला होता, तो सोडायचा नव्हता. मग त्यांनी असं काही केलं की जे फक्त आमच्याच घरातला माणूस करू शकतो. मला लवकर सोडवावं म्हणून ते भरभर वाचायला लागले. भरभर, म्हणून मोठ्याने. जितके ते घाई करत तितका मी मोडत होतो. आणि जितका मी मोडत होतो तितकी ते घाई करत होते.

सुमनने पोथीला हात घातला. अण्णांनी वाचता वाचताच तिचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. बांगड्या फुटल्या. तिने दुसरा हात घातला तेव्हा त्यांनी तिला ढकललं. ती खाटेच्या लोखंडी पायावर पडली आणि भुवईच्या वर फुटलं. मंडळाचे दोघे भिंतीला टेकून उभे. त्या क्षणी माझे हात माझे असते तर मी भावाचा गळा दाबला असता. हे लिहायला लाज वाटते, पण ते तसंच होतं.

ती उठली. डोळ्यात रक्त उतरत होतं ते पुसलं नाही. दोन्ही हातांनी तिने ती थोरली पोथी अण्णांच्या बोटांसकट खाडकन मिटली.

जाड पुठ्ठ्यांचा तो आवाज बंदुकीसारखा लागला. सगळ्यात मोठा झटका तो. छाती आवळली ती सुटेना. हवा आत येईना, बाहेर जाईना. खोलीच्या कडा काळ्या होत आल्या. त्यातून मला अण्णांचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू आलं.

"काय केलंस गो हे? अर्ध्यावर मिटलीस? बघ. लगेच उत्तर मिळालं. हा गेला तर तुझ्या हाताने गेला."

मग अनवाणी पावलं. शहनाज. तिने अण्णांकडे बघितलंही नाही. नुसतं "भायेर" म्हणाली, कुजबुजल्यासारखं, आणि ते तिघेही गेले. नळीला फुगा जोडून ती दाबत राहिली. किती वेळ, मला माहीत नाही.

तिचा नेम

मी वाचलो. झटके हळूहळू विरळ झाले, सव्वा महिन्याने घरी आलो. सुमनच्या कपाळाला तीन टाके पडले होते. पण त्या दिवसानंतर तिने पोथीला हात लावला नव्हता. शहनाजने दोनदा पोथी तिच्या मांडीवर ठेवून पाहिली, तिने दोनदा बाजूला ठेवली. घरी आल्यावर तिने ती देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात सारली. सकाळी आंघोळ करून ती सरळ चुलीशी जायची.

गळ्याचं भोक बुजून आवाज फुटला तेव्हा मी तिला पहिली गोष्ट तीच सांगितली. तो झटका आवाजाचा होता. घंटेने येत होता, ताटाने येत होता, तसाच पुठ्ठ्याने आला. देवाचा त्यात हात नव्हता.

ती भांडी पुसत होती. म्हणाली, "तुम्ही असंच म्हणणार. एक अध्याय तरी वाचलाय कधी?"

 कोर्टात रोज साक्षीदारांना मी ईश्वरसाक्ष खरं सांगण्याची शपथ देतो, आणि ते शपथ घेऊन निवांत खोटं बोलतात. शपथ, पोथी, नेम या सगळ्याकडे मी त्या टेबलामागून पाहत आलो. आता मी खरं सांगत होतो आणि माझी साक्ष ग्राह्य नव्हती. ज्या गावाला मी कधी गेलोच नाही तिथली साक्ष मी देत होतो.

ते महिने वाईट गेले. माझं अंग काठीसारखं ताठ, चालताना एका अंगावर पडायचो. भाताची पेज गाळून प्यायची. एकदा पेज गरम होती म्हणून मी स्टीलचा पेला तिच्या अंगावर फेकला. तो भिंतीवर आपटला, आणि आवाजाने दचकून मीच खाली बसलो. तिने पेला उचलला, दुसरी पेज आणली. अण्णा आले नाहीत. नातेवाईक आले ते तिच्या कपाळाकडे बघायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, वाचलास, देवाची कृपा. सुमन आत निघून जायची.

जबड्याचा व्यायाम

जबडा सुटावा म्हणून डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायला सांगितल्या. सुरुवातीला चार मावत, महिन्याने नऊ. आणि रोज अर्धा तास मोठ्याने वाचा, तोंड पूर्ण उघडून, असंही सांगितलं. वर्तमानपत्र वाचून पाहिलं. संपादकीय वाचायला तोंड फार उघडावं लागत नाही. कायद्याचं पुस्तक घेतलं, त्यात मी स्वतःच झोपलो.

मग एका सकाळी मी देव्हाऱ्याखालची पोथी काढली. सरळ सांगतो, भक्तीने नाही. ओवीत लांब 'आ' फार येतात. आणि सुमनने विचारलेल्या प्रश्नाला 'हो' म्हणता यावं, हा दुसरा हेतू. पाटावर मांडी घालता येईना म्हणून खुर्चीत बसलो आणि बोबड्या, फुटक्या दातांच्या तोंडाने पहिला अध्याय वाचला. पाऊण तास लागला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

आठवडाभराने आतून पहिली दुरुस्ती आली. एक नाव मी चुकीचं तोडत होतो. मग रोज एखादी. कधी नुसता चमचा ओट्यावर वाजायचा, की मी समजायचो. ती बाहेर मात्र येत नव्हती.

एकदा पोथी पुरी झाली. मी परत पहिल्यापासून सुरू केली. तोवर काड्या चौदा मावायला लागल्या होत्या, म्हणजे व्यायामाची गरज संपली होती. तरी वाचलं नाही तर दिवस चुकल्यासारखा वाटे. पहिल्या खेपेला मी वकिलासारखं वाचलं, विसंगती हेरत. दुसऱ्या खेपेला लक्षात आलं की ही पोथी आजारी माणसांनी भरलेली आहे. कुणाच्या पोटात कळ, कुणाचं अंग झडतंय, कुणाचं मूल गेलंय. ती सगळी माणसं रडतात, आदळआपट करतात, देवाला तोंडावर बोलतात. आणि त्यातल्या एकालाही देव 'आधी नीट बस' असं म्हणत नाही. मांडवात कर्ण्यांतून हीच पोथी मी वर्षानुवर्षं ऐकली होती. कर्ण्यातून ती अण्णांची वाटायची. खुर्चीत, रोज थोडी, स्वतःच्या मोडक्या तोंडाने वाचताना ती मला माझी वाटली. श्रद्धा म्हणजे एकदम लख्ख काही होतं अशी माझी समजूत होती. मला तसं काही झालं नाही. माझा जबडा सुटत गेला तशी ती आली, काडीकाडीने. देवाने मला बरं केलं का, हे मला माहीत नाही. पण त्या खोलीत मी एकटा आपटत होतो असं आता वाटत नाही, आणि हे वाटणं मला कुठल्याही युक्तिवादाने मिळालं नसतं.

तिसरी खेप पुरी झाल्यावर मी सुमनला सांगितलं की सबंध पोथी पाहिली, अध्याय अर्ध्यावर सोडू नये असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. उलट तिथला देव भरल्या ताटावरून उठून लोकांच्या हाकेला जातो.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "वीस वर्षं वाचत होते मी. ते सासूबाईंनी सांगितलं होतं."

मग, असं मी विचारलं.

"मग काय? ते पाळलं म्हणून बळ यायचं. मोडलं, आणि तुम्ही निळे पडलात. ते मी डोळ्यांनी बघितलंय."

 मी चौथ्यांदा सुरू केलं.

दारात

नवरात्र संपल्यानंतरची एक सकाळ. मी निम्म्या अध्यायात होतो. उंबऱ्याबाहेर कुणीतरी उभं राहिल्याचं जाणवलं. अण्णा. कद नाही, गंध नाही, साधा सदरा. अंगाने अर्धेच उरले होते. वाचन चालू आहे हे पाहून ते रीतीप्रमाणे बाहेरच थांबले, हात पुढे बांधून. अध्याय लांब होता. पायरीवर ऊन आलं होतं. मी वाचत राहिलो. खोटं कशाला बोलू, त्यांना तिथे उभं ठेवण्यात मला बरं वाटत होतं. मी जरा सावकाशच वाचत होतो.

सुमन बाहेर आली. ती दाराकडे बघत उभी राहिली. कपाळावरची ती रेघ तिने बोटाने चाचपली, तिला स्वतःला ते कळलं नसावं. मग ती माझ्या खुर्चीपाशी आली आणि तिने पानावर हात ठेवला.

"थांबा. माणूस दारात उभं आहे."

"अध्याय पुरा होऊ दे, सुमन," अण्णा बाहेरून म्हणाले. "मला घाई नाही."

"होईल पुरा," ती म्हणाली. आणि तिने पोथी मिटली. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. तीही माझ्याकडेच बघत होती, श्वास रोखून. गल्लीतून एक सायकल घंटी वाजवत गेली. काही झालं नाही. "तुम्ही आत या, अण्णा. उन्हात किती वेळ उभे राहाल?"

ते आत आले. तिने पाण्याचा तांब्या आणि गूळ पुढे ठेवला. ते पाणी प्यायले नाहीत, तांब्या नुसता हातात धरला. 

"मला दिसत होतं गो," ते शेवटी तिला म्हणाले. "ह्याचं काय होतंय ते दिसत होतं. थांबता येईना."

सुमनने मान हलवली. हो म्हणून की असू दे म्हणून, ते मला कळलं नाही.  मी त्यांना तेव्हा माफ केलं असं म्हणणं खोटं होईल. ते पुढे, तुकड्यातुकड्याने झालं.

ते पाणी प्यायले. तिने तांब्या आत नेला, हात धुतले, पदराला पुसले. देव्हाऱ्यासमोर पाट मांडला आणि त्यावर येऊन बसली. माझ्याकडे हात केला. मी पोथी दिली.

"कुठवर आला होतात?" तिने विचारलं.

मी पान उघडून ओळीवर बोट ठेवलं.